वीस चौकोन आणि एक झगा

काम: युजेन देलाक्र्वाच्या १८३० सालच्या ‘२८ जुलै: लोकांना पुढे नेणारी स्वातंत्र्यदेवता’ या चित्राची एक-पंचमांश मापाची तैलरंगातली नक्कल, आणि तिच्या आधाराने वाचनालयात पाऊण तास बोलणं. बोलायची तारीख २६ जुलै २०२५. कामाची जागा: साताऱ्याच्या घराची मागची पडवी.

रविवार, १ जून

कॅनव्हास ताणून झाला. मूळ चित्र २६० बाय ३२५ सेंटीमीटर, म्हणजे माझं ५२ बाय ६५. समोर ठेवलंय ते सरांनी दिलेल्या जुन्या पुस्तकातलं रंगीत पान. पुस्तकाची शिवण सुटलीय, पण पान शाबूत आहे.

मापं घेताना लक्षात आलं की २६० आणि ३२५ म्हणजे नेमकं चारास पाच. त्यामुळे १३ सेंटीमीटरचे बरोबर वीस चौकोन पडतात, चार ओळी आणि पाच रकाने, मिलिमीटरसुद्धा उरत नाही. मूळ चित्रात यातला एकेक चौकोन ६५ सेंटीमीटरचा. ओळींना वरून खाली अ, ब, क, ड अशी नावं दिली, रकान्यांना डावीकडून १ ते ५. आता ‘तो टोपीवाला’ न म्हणता ब२ म्हणता येईल.

चित्र समजून घ्यायचं तर काढून बघा, असं वर्गात तीस वर्षं सांगत आले. स्वतः मात्र एटीडीनंतर (चित्रकला शिक्षकाची पदविका) एकही मोठी नक्कल केलेली नाही. शाळा १६ तारखेला सुरू. तोवर रेखाटन उरकायचं.

मंगळवार, ३ जून

बोलण्यात इतिहासाला पाचच मिनिटं द्यायची आहेत. इथे मात्र माझ्यापुरतं लिहून ठेवते.

फ्रान्सचा राजा दहावा शार्ल. २५ जुलै १८३० ला त्याने वटहुकूम काढले. वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य गुंडाळलं, नुकतंच निवडून आलेलं सभागृह बरखास्त केलं, मतदारांची यादी आणखी आखूड केली. दुसऱ्या दिवशी ते छापून आले. छापखाने बंद पडायला लागले तसे खिळे जुळवणारे कामगार रस्त्यावर उतरले. मग २७, २८, २९ असे तीन दिवस पॅरिसच्या अरुंद गल्ल्यांत लढाई. फरसबंदीचे दगड उपटले, गाड्या आडव्या घातल्या, तुळया टाकल्या आणि वाटा अडवल्या. शार्ल गेला. ९ ऑगस्टला लुई फिलिप गादीवर बसला. राजाच्या जागी राजा.

भांडणाची सुरुवात छापखान्यापासून झाली हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं ६ जानेवारी १८३२ ला, या तीन दिवसांनंतर दीडेक वर्षाने. दोहोंचा संबंध काही नाही, पण काळ डोक्यात नीट बसतो.

देलाक्र्वा तेव्हा ३२ वर्षांचा. तो लढला नाही. ऑक्टोबरात त्याने भावाला पत्र लिहिलं, त्यात साधारण असं आहे की मी देशासाठी लढलो नाही, तर निदान त्याच्यासाठी चित्र तरी काढीन. हे वाक्य जिथे तिथे मोठ्या भक्तिभावाने छापतात. मला त्यात थोडं ओशाळलेपण ऐकू येतं. भाऊ नेपोलियनच्या सैन्यातला जनरल, दुसरा एक भाऊ १८०७ मध्ये फ्रीडलांडच्या लढाईत मेलेला, आणि हा धाकटा ब्रश घेऊन बसलेला.

शनिवार, ७ जून

कोळशाने रेखाटन. आधी फक्त अ ओळ.

पाच चौकोनांत माणसाचं ठसठशीत असं एकच डोकं येतं, तिचं, स्वातंत्र्यदेवतेचं. बाकी उगारलेला हात, झेंडा आणि धूरच धूर. बाकी झुंड ब ओळीपासून सुरू होते. चित्राचा चौथा हिस्सा त्याने जवळजवळ रिकामा ठेवलाय. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेतल्या स्मरणचित्रात मुलं हे कधी करत नाहीत. आकाश मोकळं दिसलं की ढग, पक्षी, पतंग, काहीतरी कोंबतातच.

ब५ मध्ये नोत्र दाम चर्चचे दोन मनोरे आणि त्यांतल्या एकावर इवलासा तिरंगा. माझ्या मापात तो तांदळाच्या दाण्याएवढा होतो. शून्य नंबरच्या ब्रशनेसुद्धा जमेल की नाही शंका आहे. मनोऱ्यांच्या आसपासची घरं मात्र त्याने कल्पनेने रचलीत. पॅरिसमध्ये नेमकं असं दृश्य दिसेल अशी जागा नाही. शहर ओळखू यावं म्हणून मनोरे हवे होते, बाकी त्याच्या सोयीने.

बुधवार, ११ जून

आज ब्रश नाही, कोळसा नाही. पांढऱ्या कागदाचे तुकडे कापून छापील पानावर एकेक गोष्ट झाकत बसले. दुपार गेली, पण आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा दिवस हाच.

झेंडा झाकला. ती कुणाला तरी लांबून हाक मारतेय असं दिसायला लागलं. त्रिकोणाचं टोकच गेलं. खालच्या सगळ्या रेषा, तलवार, बंदुका, गुडघ्यावर आलेल्या माणसाची वर वळलेली मान, त्या टोकाकडे चढतात. टोक काढलं की त्या नुसत्या इकडे तिकडे जातात.

मुलगा झाकला, तोच, दोन्ही हातांत पिस्तुलं घेतलेला. उजवी बाजू बसली. ती चालत होती ती थांबल्यासारखी झाली. सगळ्यांत पुढे धावतोय तो हा पोरगा. चित्राचा वेग त्याच्या पायात आहे.

तिला झाकलं. उरली दंगल. डाव्या कडेचा तलवारवाला एका तंद्रीत, उंच टोपीवाला दुसऱ्याच, पोरगा तिसऱ्याच. चांगली रंगवलेली, पण दंगलच.

मग ड ओळ झाकली. म्हणजे मेलेले. सगळा तळ. आणि इथे मी चमकले. वरचं सगळं तसंच असून एकदम स्नेहसंमेलनातल्या देखाव्यासारखं झालं. रंगमंचावर झेंडा घेतलेली मुलगी, बाजूला आपापले कपडे घालून उभी असलेली मुलं. त्यांना कशावर चढावं लागत नाहीये, कशावरून पाय उचलून टाकावा लागत नाहीये. कागद काढला की पुन्हा तिचं पाऊल अवघड, खरं.

चित्रकार जेरिकोचं १८१९ मधलं ‘मेडुसाचा तराफा’ याच्या पाठीशी आहे हे बहुतेक सगळेच सांगतात, आणि ते खरंच आहे. तिथेही प्रेतांचा पाया आणि वर चढत गेलेली माणसं. देलाक्र्वा त्या चित्रासाठी स्वतः नमुना म्हणून बसला होता, पालथा पडलेल्या एका माणसासाठी. पण एक फरक मला आज हाताने कळला. तराफ्यावरची माणसं आपल्याकडे पाठ करून लांबच्या जहाजाकडे झेपावतात. ही माणसं सरळ आपल्या अंगावर येतात. आणि अडथळ्याच्या या बाजूला, म्हणजे आपण उभे आहोत तिथे, त्या दिवशी कोण होतं? राजाचे शिपाई. हे वाचनालयात सांगायचंच.

रविवार, १५ जून

माणसं. उद्या शाळा, म्हणून आज एका बैठकीत सगळी रेखाटून काढली.

ब१, तलवारवाला: अंगात कामाचा एप्रन, डोक्यावर बेरे टोपी, पट्ट्यात पिस्तूल रुमालाने बांधलेलं. कारखान्यातला माणूस.

ब२, उंच काळी टोपी आणि कोट: हातात दुनळी, शिकारीची बंदूक. हा देलाक्र्वा स्वतःच, असं पूर्वी बेधडक सांगत, मीही वर्गात सांगितलंय. आता अभ्यासक ते मानत नाहीत. टोपी शहरी बाबूची, पण विजार कारागिराची सैल, कमरेला लाल पट्टा. कोणत्या खणात टाकावा हे ठरत नाही, आणि चित्रकाराने ते मुद्दाम ठरू दिलं नसावं.

क ओळीत गुडघ्यावर उठणारा: निळा अंगरखा, पांढरा सदरा, लाल कापड. वर झेंड्यात तेच तीन रंग. वर बघतोय तो तिच्याकडे, त्यामुळे झेंड्यापासून त्याच्यापर्यंत डोळा आपोआप उतरतो.

ब४ आणि क४, पोरगा: काळी मखमली बेरे, विद्यार्थी घालत तशी. खांद्यावरून तिरपी अडकवलेली काडतुसांची पिशवी, त्याच्या मानाने फार मोठी. मेलेल्या शिपायाची असणार. याला पाहून लोक हमखास ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’मधला गाव्रोश म्हणतात. कादंबरी १८६२ ची आणि तिच्यातला उठाव १८३२ चा. हा पोरगा आधीचा.

मागे गर्दीत दोन टोकांची आडवी टोपी दिसते, पॅरिसच्या पॉलिटेक्निक कॉलेजातल्या विद्यार्थ्याची.

ड ओळीतली माणसं उद्यावर. उद्यावर म्हणजे पुढच्या रविवारवर.

शुक्रवार, २० जून

रंगाला सुरुवात. आधी तिचा झगा, कारण चित्रात सगळ्यात उजळ पिवळा तोच. यलो ऑकर, थोडा कॅडमियम यलो, सावलीत रॉ अंबर. छान लागला. लांबून पाहिलं तर पडवीत दिवा लावल्यासारखा.

बोलण्यासाठी टिपण: सगळं चित्र राखाडी, मातकट, त्यात तिचा झगा पिवळाधमक. पितांबरच. माणसांच्या धुरकट जगात देवत्वाचा रंग वेगळा काढून दाखवलाय. उगवतीचा रंग, नव्या दिवसाचा.

(२९ जूनला भर घातली: वरचा परिच्छेद बाद. का ते पुढे.)

मंगळवार, २४ जून

रंग वाळत नाही. चार दिवस झाले, बोट लावलं की पिवळं. जवसाचं तेल जरा जास्त झालं आणि हवेत ही ओल. पडवीत टेबलपंखा लावून ठेवलाय, घरात यावरून बोलणी खाल्ली.

रविवार, २९ जून

जर्मनीतल्या भाचीने, मागच्या महिन्यात ती पॅरिसला गेली होती तेव्हाचा, लूव्र संग्रहालयातला मूळ चित्राचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, “मावशी, तुझ्या बाईचा झगा पिवळा नाहीये गं.”

आधी वाटलं फोनच्या कॅमेऱ्याची करामत. मग शोधून वाचलं आणि कपाळाला हात लावला. लूव्रने सप्टेंबर २०२३ मध्ये चित्र खाली उतरवून साफ करायला घेतलं होतं आणि मे २०२४ मध्ये पुन्हा लावलं. वर्षानुवर्षं एकावर एक चढवलेल्या वार्निशच्या आठ थरांनी सगळं पिवळट पडलं होतं. ते काढल्यावर आकाश निघालं, धूर पांढरा निघाला, निळा निळा झाला. आणि झगा? मुळात फिका राखाडी, त्यावर कुठे कुठे सोनेरी पिवळ्याचे फटकारे. १९४९ च्या दुरुस्तीनंतर तो सरसकट पिवळा दिसायला लागला होता. सरांचं पुस्तक त्यानंतरचं. माझं पितांबर देलाक्र्वाचं नव्हे, वार्निशचं आणि दुरुस्ती करणाऱ्यांचं.

वाईट वाटलं त्यापेक्षा लाज जास्त वाटली. पिवळा दिसला आणि मी लगेच त्याला अर्थ लावून मोकळी. लावायला काय, निळा असता तर निळ्यालाही लावला असता. घरात पितांबर, शेला, देवीची पिवळी साडी बघत वाढलेला डोळा. त्याला हवं ते त्याने पाहिलं.

पण राखाडी झगा डोळ्यांसमोर ठेवून बसले तसं चित्र वेगळंच दिसायला लागलं. पिवळ्या झग्यातली ती वरून उतरल्यासारखी, कॅलेंडरवरच्या लक्ष्मीसारखी, बाकीच्यांपासून सुटी दिसायची. राखाडी झगा आणि मागचा धूर एकाच रंगाचे. पायाखालच्या फरशाही त्यांच्याच सोयऱ्या. ती त्या धुरातूनच झालीय, दगडाधोंड्यांतून उभी राहिलीय. सोनेरी फटकारे नेमके उजेड पडतो तिथेच. मला आता हे पटतंय, आणि या वेळी रंग खरा आहे एवढी तरी खात्री आहे.

भाचीच्या फोटोत आणखी दोन गोष्टी मिळाल्या. एक, खाली पाहुण्यांची डोकी आलीत ती बरोबर ड ओळीला टेकलेली. म्हणजे तिथे उभं राहिलं की आपल्या तोंडासमोर ती नसते, मेलेले असतात. तिच्याकडे बघायला मान वर करावी लागते. दोन, सफाईत डाव्या खालच्या कोपऱ्यात एक जुना बूट सापडलाय, आजवर फरशांत मिसळून गेलेला. माझ्या ड१ मध्ये नुसते दगड काढलेत.

सोमवार, ३० जून

शाळेतून आल्यावर झगा खरवडला. रंग वाळला नव्हता ते बरंच झालं. पॅलेट नाइफने वरचा थर, मग टर्पेंटाइनच्या चिंधीने उरलेला. ऑकरचा मागे राहिलेला डाग पुसला नाही. त्यावर राखाडी चढवीन, सोनेरी खालूनच डोकावेल.

शनिवार, ५ जुलै

उद्या आषाढी एकादशी, म्हणून आज शाळेची दिंडी. मी वर्गाबरोबर चालत होते खरी, पण डोळे पताकांच्या काठ्यांवर.

पाचवीतला एक मुलगा मैदानातून निघाला तेव्हा हात ताठ, पताका उंच. गेटपर्यंत कोपर वाकलं. पोस्टाच्या कोपऱ्यावर काठी खांद्यावर. मारुतीच्या देवळापाशी तर त्याने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. बारीक काठी आणि रुमालाएवढं कापड, तरी दहा मिनिटांत हात भरून आला. हे सगळ्यांचंच झालं. एका हाताने झेंडा डोक्यावर धरून कुणी चालत नाही.

ती मात्र तसाच धरते, उजव्या हातात, काठीच्या मधोमध पकडून, आणि तिचा झेंडा केवढा. हा हात देवीचाच.

आणि डावा हात? त्यात पायदळाची संगीन लावलेली बंदूक, १८१६ च्या बनावटीची, वजन चार किलोच्या आसपास. एनसीसीतल्या एका मुलाला विचारलं, अशी बंदूक एका हातात घेऊन चालायचं तर कुठे धरशील? त्याने पट्टी घेऊन दाखवलं, मध्यावर, तोल साधून. “तोल शस्त्र, मॅडम.” ती तिथेच धरते, अंगाजवळ, ओझं नेणाऱ्या माणसासारखी. हा हात बाईचा.

एकाच अंगाला दोन हात, दोन जातीचे. घरी आल्यावर खांद्यांच्या रेषा पुन्हा काढल्या. उजवा खांदा वर उचलताना मी डावा सरळ ठेवला होता. तो खाली यायला हवा, बंदुकीच्या वजनाने. आता उभी राहिली.

बुधवार, ९ जुलै

स्टाफरूममध्ये चित्राचा विषय निघाला. “दहावीची मुलं येणार आहेत ना ऐकायला? मग ते… वरचं जरा झाकून नाही का दाखवता येणार?” वरिष्ठांचं म्हणणं. मी म्हटलं, फ्रान्सच्या शंभर फ्रँकच्या नोटेवर ती तशीच होती, देलाक्र्वाच्या चेहऱ्यामागे, आणि लोक त्या नोटेने भाजी आणायचे. हसले सगळे, विषय तात्पुरता मिटला.

खरा मुद्दा स्टाफरूममध्ये सांगता आला नाही. उघडी छाती १८३१ च्या प्रेक्षकांना नवी नव्हती. ग्रीक-रोमन देवता, विजयदेवता, सगळ्या तशाच असत, आणि दगडात किंवा गुळगुळीत रंगात त्या कुणाला खटकत नसत. खटकलं ते दुसरंच. तिच्या काखेत केस आहेत. अंग मळलेलं आहे. पाय अनवाणी, रस्त्यावरच्या बाईचे. चित्र १८३१ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात, लागलं तेव्हा टीका झाली ती यावर. जर्मन कवी हाइने तेव्हा पॅरिसमध्ये होता, त्यालाही तिच्यात गणिका, मासेविक्रेती आणि देवता अशा तिघींचं विचित्र मिश्रण दिसलं. मात्र त्याला चित्र आवडलं होतं.

डोक्यावरची लाल टोपीही अशीच दोन्हीकडची. फ्रिजियन टोपी, रोममध्ये मुक्त केलेल्या गुलामांच्या टोपीशी तिची सांगड घातली गेली, आणि १७८९ नंतर ती क्रांतिकारकांच्या डोक्यावर आली. म्हणजे टोपी पुराणातली आणि रस्त्यावरचीही.

याच्याआधी, १८२६ मध्ये, त्याने ‘मिसोलोंगीच्या अवशेषांवर ग्रीस’ काढलं होतं. मिसोलोंगी म्हणजे तुर्कांशी लढताना पडलेलं ग्रीक गाव. तिथेही देश म्हणजे एक बाई, पडझडीत उभी, पायाशी मेलेला हात. पण ती दोन्ही हात पसरून हताश. तिच्यापासून हिच्यापर्यंत यायला चार वर्षं आणि तीन दिवस लागले.

सोमवार, १४ जुलै

आज फ्रान्सचा राष्ट्रीय दिन, आणि व्हॉट्सअॅपवर कुणीतरी हेच चित्र ‘१७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती’ म्हणून पाठवलंय. दुरुस्ती पाठवली. उत्तर आलं: 👍

झेंडा रंगवून झाला. १८१५ ते १८३० तिरंगा फ्रान्समध्ये बंद होता, बुर्बाँ राजांचा, म्हणजे दहाव्या शार्लच्या घराण्याचा, झेंडा पांढरा. म्हणून त्या दिवशी नोत्र दामच्या मनोऱ्यावर तिरंगा चढणं ही बातमी होती. कादंबरीकार ड्यूमाने पुढे लिहिलंय की देलाक्र्वा आधी घाबरलेला होता, मनोऱ्यावर तो झेंडा दिसला तेव्हा त्याचा नूर पालटला. हे वाचल्यावर ब५ मधला तांदळाचा दाणा टाळता येईना. तीन ठिपके, तीन प्रयत्न, भिंग लावून. झाला एकदाचा.

या झेंड्याची एक आपल्याकडची गोष्टही आहे. राजा राममोहन रॉय १८३० च्या नोव्हेंबरात जहाजाने इंग्लंडला निघाले. वाटेत आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, फ्रेंच जहाजं दिसली, त्यांवर हाच तिरंगा. पाय दुखावलेला, तरी हट्टाने त्या जहाजांवर गेले आणि फ्रान्सचा जयजयकार करत परतले. कापडाचे तीन पट्टे. पाय दुखावलेल्या माणसाला त्या जहाजांवर नेण्याएवढं बळ त्यांत होतं.

नावाचं मराठी काही जमेना. फ्रेंचमध्ये ‘लिबर्ते’ हा शब्दच स्त्रीलिंगी, म्हणून बाई काढली की झालं. आपलं ‘स्वातंत्र्य’ नपुंसकलिंगी: ते स्वातंत्र्य. त्याला बाई करायचं तर मागे देवता जोडावी लागते, आणि देवता म्हटलं की पुन्हा पितांबर. बोलताना ‘ती’ एवढंच म्हणणार आहे.

रविवार, २० जुलै

ड ओळ. दोन रविवार टाळलेली.

उजवीकडे शिपाई, निळसर राखाडी ओव्हरकोट. डावीकडे, ड१ आणि ड२ मध्ये, तो माणूस: अंगात नुसता सदरा, विजार नाही, एका पायात निळा मोजा, दुसरा पाय उघडा. रात्रीच्या कपड्यांतच घरातून ओढून काढून मारला असावा, असा याचा अर्थ लावतात. सदऱ्याचा पांढरा हा चित्राच्या तळातला सगळ्यात उजळ भाग. वर धुराचा पांढरा, झेंड्यातला पांढरा, आणि खाली हा. सदरा पांढरा, मोजा निळा, आणि रक्त. झेंड्याचे तीन रंग इथेही आहेत, फक्त पसरलेले, फिकट. मला हा योगायोग वाटत नाही.

दोन्ही पक्षांची प्रेतं शेजारी शेजारी ठेवली आहेत, हेही पाहून ठेवलं. ती दोहोंवरून पाय टाकून येते.

बाजूने चित्राची पुढची कथा वाचून संपवली. सरकारने ते ३,००० फ्रँकला विकत घेतलं आणि त्याच वर्षी देलाक्र्वाला लिजन ऑफ ऑनरही मिळाला. पण लुई फिलिपच्या सरकारला थोड्याच दिवसांत कळलं की असं चित्र भिंतीवर लावणं म्हणजे उद्याच्या दंगलीचं आमंत्रण. उतरवलं. पुढे चित्रकारालाच परत दिलं, आणि ते त्याच्या फेलिसिते मामीकडे फ्रेपियों गावी जाऊन राहिलं. इंग्रजी पुस्तकांत नुसतं ‘आंट’ असतं. मी नातं शोधून काढलं, आईच्या सावत्र भावाची बायको, म्हणजे मामीच. अडीच मीटर उंचीचं, क्रांतीचं चित्र मामीच्या घरी. १८५५ च्या जागतिक प्रदर्शनात ते पुन्हा लोकांसमोर आलं, लूव्रमध्ये पोहोचलं १८७४ मध्ये. देलाक्र्वा १८६३ मध्येच वारला होता.

रविवार, २७ जुलै

काल बोलणं झालं. पाऊस असूनही चाळीसेक माणसं, दहावीच्या सात मुली. चित्र ओलंच होतं, रिक्षात मांडीवर आडवं धरून नेलं. माझ्या पांढऱ्या ओढणीवर प्रशियन ब्लू लागला, जाणार नाही.

वरचं काही झाकलं नाही. कुणी काही म्हणालं नाही.

झाकून बघण्याचा खेळ सगळ्यांसमोर केला, मोठ्या प्रिंटवर, पुठ्ठ्याने. ड ओळ झाकली तेव्हा मागून एक आजोबा म्हणाले, “हे तर पंधरा ऑगस्टचं झालं.” मी स्नेहसंमेलन म्हणणार होते. त्यांचंच जास्त बरोबर.

पिवळ्या झग्याची माझी फजिती सांगितली. सरांचं पुस्तक आणि भाचीचा फोटो शेजारी शेजारी ठेवले. इथे लोक सगळ्यात जास्त वेळ थांबले, निघतानासुद्धा दोघं-तिघं वाकून बघत होते.

प्रश्न फारसे नव्हते. एकाने विचारलं की तो टोपीवाला कुणाच्या बाजूने आहे. मला नीट सांगता आलं नाही. एका मुलीने विचारलं, सगळे पुढे बघतायत, ही एकटीच मागे वळून का बघतेय? मी म्हटलं, मागचे येतायत ना ते बघतेय. “आणि नसते आले तर?” मी पाण्याचा ग्लास उचलला.

घरी आल्यावर चित्र पुन्हा पडवीत टेकवलं. तिचा डावा खांदा अजून एक बोट खाली हवा. ड१ मधला बूट काढायचा राहिलाय. भाचीचा फोटो मोठा करून पाहिला, पण त्या कोपऱ्यावर कुणाचं तरी डोकं आलंय.